भिंतीतून माणूस प्रकट करायचा तर: संगीत नाटकातला जाळीचा पडदा, टप्प्याटप्प्यानं

नायिका पद म्हणते आहे. मागे वाड्याची भिंत. अंतरा संपता संपता त्या भिंतीतच तिची गेलेली आई दिसू लागते, थोडा वेळ राहते, विरून जाते आणि भिंत पुन्हा भिंत होते. हौशी संगीत नाटकांत हा प्रसंग मी पुष्कळदा पाहिला आहे आणि बहुतेक वेळा फसलेलाच पाहिला आहे. कधी आई पद सुरू होण्याआधीपासूनच पुसटशी उभी असते. कधी ती दिसण्याआधी भिंतीला काळं भगदाड पडतं. कधी ती शेवटपर्यंत नीट दिसतच नाही, आणि मग दिवे कमी पडले असं सगळ्यांचं एकमत होतं. खरं तर अशा वेळी दिवे जरुरीपेक्षा जास्तच असतात. ते चुकीच्या कोनातून येतात आणि चुकीच्या क्रमानं उतरतात.

यामागचं तत्त्व घरोघरी दिसतं. खिडकीला डासांची जाळी असली तर दुपारी रस्त्यावरून घरातलं काही दिसत नाही. रात्री आत दिवा लागला की सगळं दिसतं. पुढे उजेड आणि मागे अंधार असेल तर जाळी भिंत होते. पुढे अंधार आणि मागे उजेड झाला की तीच जाळी नाहीशी होते. या लेखातली सगळी खटपट या दोन अवस्था शुद्ध ठेवण्यासाठी आहे.

४५ अंशांत काच उभी करून तिच्यात पात्राचं प्रतिबिंब दाखवायची ‘पेपर्स घोस्ट’ ही युक्तीही काही जण सुचवतात. एवढी मोठी काच गावोगाव न्यायची, उभी करायची आणि तिच्या आसपास माणसं वावरू द्यायची, हे हौशी संस्थेनं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जाळी गुंडाळून टेम्पोत टाकता येते.

भिंतीचा जो भाग नाहीसा व्हायचा तिथे कमान कापून तिच्यात जाळी बसवायची; खालची मापं अशा ५ फूट रुंद आणि ७ फूट उंच कमानीसाठी धरली आहेत. पूर्ण रंगमंचभर जाळी लावायची असेल तरी क्रम हाच.

१. आधी नाट्यगृहाचा अंधार बघा

नेपथ्याचा आराखडा काढण्याआधी एकदा नाट्यगृहात जा. सगळे दिवे बंद करायला सांगा आणि पाच मिनिटं गप्प बसा. डोळे अंधाराला सरावले की काय काय दिसतं ते लिहून काढा: बाहेर जाण्याच्या दारांवरचे हिरवे दिवे, विंगेतली ट्यूबलाइट, दाराखालची फट, कंट्रोल रूमच्या काचेतून येणारा उजेड. दारांवरचे दिवे सुरक्षेसाठी असतात, ते झाकायचे नाहीत. कमान अशा जागी घ्या की त्यांचा उजेड तिच्यावर थेट पडणार नाही. बाकीच्या फटी काळ्या कापडानं बुजवता येतात.

त्याच फेरीत तीन मापं घ्या: दिवे टांगायच्या आडव्या बारची उंची, कमानीचा फ्लॅट (नेपथ्याची रंगवलेली उभी भिंत) जिथे उभा राहील तिथपासून बारचं अंतर, आणि फ्लॅटच्या मागे उरणारी जागा.

*तपासणी:* फ्लॅटच्या मागे निदान ७ फूट मिळतात का? मिळत नसतील तर फ्लॅट पुढे ओढा. मागची जागा कापून हा प्रसंग होत नाही.

२. जाळी निवडणं, ताणणं, रंगवणं

रंगमंचासाठी खास विणलेली गॉज मिळाली तर उत्तम. नसेल तर मच्छरदाणीची बारीक जाळी चालते. दुकानात दोन-तीन नमुने घेऊन मोबाइलच्या टॉर्चनं पाहा. टॉर्च आपल्या बाजूनं वरून तिरका मारला की जाळी भरीव दिसली पाहिजे. टॉर्च पलीकडे नेऊन हातावर मारला की हात स्पष्ट दिसला पाहिजे. काळ्या जाळीतून मागचं छान दिसतं, पण पुढचा उजेड ती पिऊन टाकते, त्यामुळे तिची भिंत होत नाही. पांढरी जाळी भिंत छान होते, पण मागचं पात्र धुक्यात असल्यासारखं फिकटतं. मळकट बदामी किंवा राखाडी जाळी घेऊन ती फ्लॅटच्या रंगाला मिळवणं सगळ्यात सोयीचं.

कमानीच्या मापाची लाकडी रिपांची चौकट करा. आधी चारही बाजूंच्या मध्यावर जाळी स्टेपल करा, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे सरका. कोपऱ्यापासून सुरुवात केली की तिरक्या सुरकुत्या पडतात आणि त्या पुढे कशानंही जात नाहीत. मध्ये शिवण येऊ देऊ नका, ती उजेडात काळ्या रेघेसारखी उठते.

रंगवायची ती ताणून उभी केल्यावर. पातळ केलेला रंग स्प्रेच्या बाटलीनं किंवा जेमतेम ओल्या स्पंजनं द्या. भिंतीचा डिस्टेंपर ब्रशनं थापला की छिद्रं बुजतात आणि जाळीचा पडदा नुसता पडदा होतो.

*इशारा:* सुती जाळी पटकन पेटते. दोन लिटर गरम पाण्यात साधारण २०० ग्रॅम टाकणखार आणि ८५ ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून तिच्यावर भिजेपर्यंत फवारा आणि पूर्ण वाळवा. मग त्याच कापडाची एक पट्टी मोकळ्या जागी, शेजारी पाण्याची बादली ठेवून, काडीनं पेटवून बघा. काडी दूर केल्यावर पट्टी लगेच विझली पाहिजे. कापड धुतलं की हा थर निघून जातो, पुन्हा द्यावा लागतो. नायलॉन-पॉलिस्टरवर याचा उपयोग होत नाही. ते वितळून जळते थेंब गाळतं, म्हणून आगरोधक प्रक्रिया केलेलीच जाळी विकत घ्या.

३. मागचा काळा कोनाडा

कमानीच्या मागे तिन्ही बाजूंनी आणि वरून बंद असा कोनाडा हवा: ७ फूट खोल आणि ८ फूट रुंद. कमान ५ फुटांची असताना रुंदी ८ फूट का, तर पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेला माणूस जाळीतून तिरका बघतो. कोनाडा अरुंद असेल तर त्याला बाजूचा पडदा दिसतो.

आतून काळं वेलवेट लावा, लव कोनाड्याच्या पोकळीकडे. काळा मांजरपाट किंवा टेरिकॉट डोळ्याला काळा वाटतो, पण दिवा पडला की राखाडी होऊन उजळतो. वेलवेटचा खर्च सगळीकडे परवडत नसेल तर ते मागच्या भिंतीला आणि जमिनीला वापरा, बाजूंना दुसरं काही चालेल. जमीन लोक हमखास विसरतात. जाळीतून गळणारा पुढचा उजेड थेट तिथेच पडतो आणि बाल्कनीतल्या प्रेक्षकाला ती पूर्ण दिसते.

आत यायची वाट मागून ठेवा. तिथे एकावर एक दोन पडदे लावा, त्यांच्यात हातभर अंतर ठेवा आणि फटी समोरासमोर येऊ देऊ नका. एकच पडदा असला की पात्र आत शिरताना विंगेतला उजेड जाळीवर चमकून जातो.

४. पुढचा दिवा आणि दोरीची परीक्षा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या.

जाळीला भिंत बनवणारा दिवा वरून आणि खड्या कोनातून यायला हवा. जाळीवर पडलेला सगळा उजेड तिथेच थांबत नाही. बराचसा छिद्रांतून मागे जातो. तो उजेड पात्राला लागता कामा नये, एवढंच इथे साधायचं असतं आणि ते दोरीनं मोजता येतं.

जाळीची चौकट बसवण्याआधी, कमान उघडी असताना, एकानं शिडीवर चढून दिव्याच्या तोंडाशी दोरीचं टोक धरायचं. दोरी कमानीच्या वरच्या कडेला टेकवून तशीच सरळ मागे, कोनाड्याच्या जमिनीपर्यंत ताणायची. जिथे ती जमिनीला लागते तिथे खडूनं आडवी रेघ मारा. कमानीपासून त्या रेघेपर्यंत पुढचा उजेड गळणार. रेघेपलीकडे अंधार राहणार. पात्राची जागा रेघेच्या एक फूट मागे.

आकड्यांत सांगायचं तर, दिवा १६ फूट उंचीवर आणि फ्लॅटच्या ५ फूट पुढे असेल तर ७ फुटी कमानीतून रेघ सुमारे ४ फुटांवर येते. पात्र ५ फुटांवर सुरक्षित. तोच दिवा १० फूट पुढच्या बारवर नेला की रेघ जवळजवळ ८ फुटांवर जाते. आता पाच फुटांवर उभ्या असलेल्या आईला जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत उजेड लागतो. चेहरा अंधारात आणि साडीच्या निऱ्या तेवढ्या भिंतीतून दिसताहेत, हा जो नेहमीचा फसलेला देखावा आहे, तो इथून येतो. दिवा मंद करून तो जात नाही. बार बदलायचा किंवा पात्राला मागे सरकवायचं, दोनच उपाय आहेत.

दोरी झाली की चौकट बसवा, दिवा लावा आणि कोनाड्यात पात्राच्या जागी पांढरा रुमाल धरून एकाला उभं करा. समोरून रुमाल दिसला तर कोन अजून चुकलेला आहे.

*इशारा:* अगदी बाजूच्या विंगेतून, जाळीला घासून जाणारा दिवा लावू नका. त्यात प्रत्येक सुरकुती उठून दिसते. आणि हॅलोजन कुठल्याही कापडाजवळ नको. दिव्यावर किमान अंतर लिहिलेलं असेल तर ते पाळा, नसेल तर मीटरभर तरी ठेवा.

५. मागचा दिवा

पात्रावरचा उजेड कोनाड्याच्या आतूनच, दोन्ही बाजूंनी किंचित पुढून यायला हवा. तो जाळीच्या मागच्या अंगावर पडता कामा नये. पडला तर जाळी उजळते आणि पात्र दुधात बुडल्यासारखं दिसतं. म्हणून पसरट झोताचा ‘पार’ दिवा नको. झोत कापता येईल असा प्रोफाइल स्पॉट घ्या, किंवा दिव्याला चारही बाजूंनी काळ्या पत्र्याच्या झापा लावा. कोनाडा बंद असल्यामुळे आत एलईडीच बरी, उष्णता कमी.

जाळी मागच्या उजेडाचा मोठा वाटा खाते. त्यामुळे कोनाड्यात उभं राहून जेवढा उजेड पुरेसा वाटतो, त्याहून खूप जास्त लागतो. ठरवायचं ते प्रेक्षागृहात बसूनच.

स्वस्त एलईडी अगदी खालच्या पातळीवर सलग चढत नाही, झटके देत चढते. पात्र हळूहळू उमलायचं असेल तर हा झटका दिसतो. आधी एकदा शून्यापासून सावकाश चढवून बघा. झटका असेल तर पुढचा दिवा पूर्ण असतानाच मागचा त्या पातळीच्या वर नेऊन ठेवा, म्हणजे झटका भिंतीमागे झाकला जातो.

६. गायिकेवरचा उजेड

पुढचा दिवा उतरला तरी गाणारी नायिका दिसत राहिली पाहिजे, आणि तिच्यावरचा उजेड जाळीवर जाता कामा नये. ती फ्लॅटपासून निदान ६ फूट पुढे असावी आणि तिच्यावरचे दिवे विंगेतून, आडवे यावेत. प्रेक्षागृहातले समोरचे स्पॉट या प्रसंगापुरते बंद. ते जवळजवळ सपाट कोनातून येतात आणि जाळी भेदून थेट पात्रावर जातात. फॉलो स्पॉटचं, म्हणजे पात्राच्या मागोमाग फिरवायच्या झोताचंही तेच. गायिकेवर प्रेमानं टाकलेला एक फॉलो स्पॉट सगळी मेहनत वाया घालवतो.

दोन बारीक गळत्या आणखी. रंगमंचावर फिकट किंवा चकचकीत मॅट असेल तर तिच्यावरून उडालेला उजेड जाळीवर येतो. आणि ऑर्गन-तबल्याच्या साथीदारांसमोरचा छोटा दिवा खालून वर मारतो. त्याला काळ्या पुठ्ठ्याची टोपी करून द्या आणि साथीदारांना बसवूनच ती तपासा.

७. क्रम: कोणता दिवा आधी

प्रकट होताना मागचा दिवा आधी चढतो, मग पुढचा उतरतो. नाहीसं होताना पुढचा आधी चढतो, मग मागचा उतरतो. उलटं केलं की मधल्या क्षणी दोन्हीकडे अंधार होतो आणि भिंतीत ते काळं भगदाड पडतं. कंट्रोलवर बसणाऱ्यानं हे पाठ केलं तरी अर्धं काम झालं.

आता हे पदाशी जोडायचं. इथे सेकंदांवर बांधलेले क्यू, म्हणजे दिवे बदलायच्या खुणा, चालत नाहीत. गायिका आज दोन आलाप घेईल, उद्या चार. म्हणून सेकंदांऐवजी आवर्तनं, म्हणजे तालाच्या पूर्ण फेऱ्या, धरा. मध्य लयीचा, सोळा मात्रांचा तीनताल मिनिटाला १२० मात्रांनी चालला असेल तर एक आवर्तन ८ सेकंदांचं. आम्ही ठरवतो ते असं:

अंतऱ्यात गायिकेनं हवं तेवढं गावं. मुखड्यावर परतण्याआधी तबलजी एक ठरलेली तिहाई (एकच बोल सलग तीनदा) वाजवतो. ती दुसरीकडे कुठेच वाजवायची नाही. तिहाई समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आली की पहिलं आवर्तन सुरू: मागचा दिवा शून्यापासून साठ टक्क्यांवर, पुढचा आहे तसाच. पाहणाऱ्याला फार तर भिंत थोडी खोल झाल्यासारखी वाटते. दुसरं आवर्तन: मागचा पूर्ण, पुढचा शून्यावर, आणि दोन्ही नेमके समेला पोचतात. त्या समेवर आई उभी असते. या दोन आवर्तनांत आलाप-ताना नाहीत, मुखडा जसाच्या तसा, एवढं गायिकेकडून कबूल करून घ्यावं लागतं.

नाहीसं होताना एकच आवर्तन पुरतं. पहिल्या आठ मात्रांत पुढचा वर, उरलेल्या आठ मात्रांत मागचा खाली. समेवर झटक्यात नाहीसं करायचं असेल आणि मागे हॅलोजन असेल तर त्याला अर्धी मात्रा आधी उतरवा. तार विझली तरी क्षणभर लाल राहते.

*नियम:* मागचा दिवा लागलाच नाही तर पुढचा उतरवायचा नाही. भिंत भिंतच राहू द्या. नायिका शून्यात बघून गाते आहे असं दिसेल आणि प्रसंग सावरेल.

आणि ‘वन्स मोअर’ आला तर? हे आधी ठरवा, कारण पद रंगलं तर तो येणारच. आमची रीत अशी: आई विरल्यानंतर मागणी आली तर पात्र अंधारात जागचं हलत नाही, गायिका अंतऱ्यापासून घेते आणि तीच तिहाई पुन्हा तोच क्यू देते. त्यामुळे प्रवेश संपेपर्यंत कोनाड्यातून कुणीही बाहेर पडायचं नाही. एकदा आमच्या प्रयोगात आईचं काम करणारी मुलगी पद संपलं असं समजून निघून गेली होती. दुसऱ्यांदा जाळी उघडली आणि रिकामा काळा कोनाडा दिसला. गायिकेचा आवाज त्या मुखड्यावर हलला, ते मला अजून ऐकू येतं.

८. कोनाड्यातलं पात्र

वेश फिकट आणि बिनचकाकीचा: सुती, हस्तिदंती रंगाची साडी. जर, टिकल्या, चकचकीत बांगड्या नकोत. नथ तर नकोच. दोरीची परीक्षा पास झाली तरी जाळीतून भरकटलेला एखादा किरण नथीच्या मोत्यावर चमकतो आणि अंधारात तो एक ठिपका सगळ्या नाट्यगृहाला दिसतो. चष्मा आणि मनगटी घड्याळाचंही तेच.

जागा सापडण्यासाठी चमकती पट्टी लावू नका. जमिनीच्या वेलवेटखाली सुतळीचा तुकडा आडवा शिवून टाका, तो अनवाणी पायाला कळतो. पद सुरू होण्याआधीच पात्रानं जागेवर यावं. उभं राहिल्यावर पदर सावरणं, केस मागे घेणं बंद. अंधारात हालचाल स्थिर आकृतीपेक्षा लवकर नजरेस येते.

९. तालमीचा क्रम

सगळं एकदम जमवायला जाऊ नका. आधी फक्त दिवे आणि रुमाल. मग दिवे आणि पात्र, गाण्याशिवाय, मात्रा तोंडानं मोजत. मग गायिका आणि तबला, आणि कंट्रोलवरच्या माणसानं नुसतं टाळी देत ऐकायचं. त्याला सम सापडत नसेल तर त्याच्या शेजारी ताल कळणारा माणूस बसवा. ही लाजेची गोष्ट नाही. शेवटी रंगीत तालीम, पूर्ण वेशात, दोन वेळा ‘वन्स मोअर’ घेऊन.

प्रत्येक वेळी चार जागांवरून बघा: पहिल्या रांगेची दोन्ही टोकं, शेवटच्या रांगेचा मध्य आणि बाल्कनीची पहिली रांग. बघायचं ते डोळ्यांनी. मोबाइलचा कॅमेरा अंधार आपोआप उजळतो, त्यात लपलेलं पात्र दिसतं आणि तुम्ही उगाच दिवे हलवत बसता. उलटही होतं, फोटोत सगळं सुंदर आणि प्रत्यक्षात काहीच नाही.

धुराबद्दल

‘थोडा धूर सोडला तर?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. या प्रसंगात नको. धुरात दिव्यांचे झोत दिसू लागतात आणि कोनाडा कुठे आहे ते सगळ्यांना कळतं. धूरयंत्राच्या धुरानं गाणाऱ्याचा घसा कोरडा पडतो. सुक्या बर्फाचा धूर खाली राहतो म्हणून तो बरा, असं समजू नका. तो उणे ७८ अंशांचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड आहे. त्याचा वायू हवेपेक्षा जड असतो आणि रंगमंचाच्या कडेवरून ओघळून खाली पिटात साचतो. तिथे तुमचे ऑर्गनवाले आणि तबलजी बसलेले असतात. त्यांना गुदमरवण्याचा हक्क कुणालाच नाही. शिवाय त्या दमट गारव्यानं तबला उतरतो तो वेगळाच.

प्रयोगानंतर

जाळी घडी घालून ठेवू नका. घडीची रेघ पुढच्या प्रयोगात भिंतीवर दिसते. दुसऱ्या गावी चौकटीसकट नेता येत नसेल तर स्टेपल काढून जाळी पीव्हीसी पाइपवर गुंडाळा, रंगाची बाजू बाहेर, वरून जुनी चादर. काढण्याआधी ‘वर’ आणि ‘पुढची बाजू’ असं कापडी पट्टीवर लिहून कडेला टाचून ठेवा. आणि दिव्याची उंची, फ्लॅटपासूनचं अंतर, खडूची रेघ हे तीन आकडे त्याच पट्टीवर नाट्यगृहाच्या नावासह लिहा. पुढच्या वेळी त्याच नाट्यगृहात दोरी ताणायला दहा मिनिटं पुरतात.